किल्ल्याखालची झाशी, ऐकत ऐकत पायी

आजच्या भागात आपण झाशीला जाणार आहोत, आणि तिथे पायी फिरणार आहोत.

महाराष्ट्रातून, इंदूरहून किंवा बडोद्याहून झाशीला जाणाऱ्या मराठी माणसाचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. स्टेशनवर उतरायचं, रिक्षा करायची, किल्ला पाहायचा, फोटो काढायचे आणि दुपारच्या आत ओरछ्याला निघायचं. दोन तासांत झाशी झाली. किल्ला पाहायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण १८५८ साली जे शहर लढलं आणि लुटलं गेलं, ते किल्ल्याच्या भिंतींच्या आत नव्हतं. ते किल्ल्याच्या पायथ्याशी, स्वतःच्या वेगळ्या तटाच्या आत होतं. आजही ते तिथेच आहे. त्याच्या गल्ल्यांतून ई-रिक्षा धावतात, सराफ दुकानं उघडतात, मुलं शाळेत जातात. तिकीट नाही, पाट्या कमी, म्हणून आपण तिकडे वळत नाही.

हे शहर समजून घेण्याची मला सापडलेली सगळ्यात सोपी रीत म्हणजे ध्वनिफीत कानाला लावून चालणं. युरोपातल्या जुन्या शहरांत ही पद्धत चांगलीच रुळली आहे. गाइड नाही, घाई नाही. फोनवर निवेदन चालू करायचं, एका ठिकाणी थांबून ऐकायचं, आणि मग पुढच्या ठिकाणी जायचं. झाशीच्या किल्ल्यात संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो, पण तो एका जागी बसून ऐकायचा असतो. गल्लीतल्या झाशीसाठी आपली फीत आपणच तयार करावी. ती कशी करायची आणि तिच्यात काय भरायचं, हे आज सांगतो.

तयारी

पहिली गोष्ट, मोसम. बुंदेलखंडातला मे-जून दगड तापवणारा असतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा, आणि सुरुवात सकाळी लवकर करावी. सगळा फेरफटका निवांतपणे चार तासांचा आहे.

दुसरी गोष्ट, फीत. प्रत्येक थांब्यासाठी दोन ते तीन मिनिटांचा वेगळा तुकडा रेकॉर्ड करा. उभ्या माणसाचं लक्ष त्यापेक्षा जास्त टिकत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या, उपग्रहावरून जागा ओळखणाऱ्या ॲपवर फार विसंबू नका. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की फोनला आपली नेमकी जागा कळत नाही, आणि एका देवळाची माहिती दुसऱ्या देवळापुढे सुरू होते. तुकड्यांना क्रमांक द्या, फोनमध्ये उतरवून ठेवा आणि हाताने सुरू करा.

तिसरी गोष्ट, कान. इयरफोन एकाच कानात घाला. दुसरा कान मोटारसायकलसाठी आणि माणसांसाठी मोकळा हवा. चालताना फीत बंद, थांबल्यावर चालू, हा नियम पाळा.

चौथी गोष्ट माझ्या जुन्या व्यवसायातून आली आहे. सैन्यात वेढा शिकवतात तो बाहेरून. नकाशावर शहर म्हणजे एक काळा ठिपका, भोवती तोफांच्या जागा, बाणांनी दाखवलेले हल्ले. त्या ठिपक्याच्या आत कोण राहत होतं, हे नकाशा सांगत नाही. म्हणून या फितीत दोन आवाज हवेत. एक बाहेरचा : वेढा घालणारा इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ, ज्याचे लष्करी अहवाल उपलब्ध आहेत. दुसरा आतला : पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ साली ते दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत निघाले आणि वेढ्याच्या काळात झाशीतच अडकले. त्यांचं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलं. निघण्याआधी ते वाचा आणि त्यातला मजकूर आपल्या शब्दांत, आपल्या आवाजात भरा.

थांबा पहिला : किल्ल्याचा तट

सुरुवात किल्ल्यावरूनच करू, कारण शहर वरून एकदा नजरेत बसवावं लागतं.

हा किल्ला मुळात मराठ्यांचा नाही. ओरछ्याचे बुंदेला राजे बीरसिंहदेव यांनी १६१३ साली बंगरा नावाच्या खडकाळ टेकडीवर तो बांधला. १७२९ साली महंमदखान बंगशाने छत्रसालांना कोंडीत पकडलं तेव्हा पहिले बाजीराव मदतीला धावून गेले, आणि छत्रसालांनी पुढे आपल्या राज्याचा एक हिस्सा पेशव्यांना दिला. बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला तो असा.

१७४२ मध्ये इथे नारोशंकर सुभेदार म्हणून आले. नाशिककरांना हे नाव सांगायला नको. पंचवटीतलं घंटेचं देऊळ ज्यांच्या नावाने ओळखलं जातं आणि मालेगावचा भुईकोट ज्यांनी बांधला, तेच हे नारोशंकर. त्यांनी किल्ला वाढवला. त्या भागाला शंकरगढ म्हणतात. खाली शहरही त्यांनीच वसवलं, आणि त्यासाठी ओरछ्याची वस्ती हलवून इथे आणली. दुपारी ओरछ्याला जाऊन आपण तिथले सुने महाल बघतो आणि हळहळतो. तिथली माणसं कुठे गेली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग झाशीच्या गल्ल्यांत आहे. हे आपल्या फितीत यायला हवं. मराठी फीत म्हणून ते गाळू नये.

म्हणजे तुम्ही ‘मध्ययुगीन झाशी’ बघायला आला असाल तर दोन थर वेगळे करा. वरचा किल्ला सतराव्या शतकातला, बुंदेल्यांचा. खालचं शहर अठराव्या शतकातलं, मराठ्यांच्या अमलात उभं राहिलेलं.

आता तटावरून सभोवार बघा. पश्चिमेला आणि दक्षिणेच्या काही भागात किल्ल्याला शहराचा आधार नाही. बाकी सगळीकडून शहर किल्ल्याला वेढून आहे. रोझच्या अहवालात शहराच्या तटाची मापं आहेत : परीघ साडेचार मैल, म्हणजे सव्वासात किलोमीटर, जाडी ६ ते १२ फूट, उंची १८ ते ३० फूट, जागोजागी तोफांचे बुरूज आणि बंदुकीसाठी जंग्या. किल्ल्याच्या भिंती तर १६ ते २० फूट जाड. २१ मार्च १८५८ रोजी रोझ झाशीपुढे आला, त्याने पाहणी केली आणि एक गोष्ट ठरवली : किल्ल्यावर चालून जायचं तर आधी शहर घ्यावं लागेल. शत्रूच्या सेनापतीला जे पहिल्या पाहणीत समजलं, ते आपण पर्यटक विसरतो. झाशीचं रक्षण म्हणजे शहराचं रक्षण होतं.

याच तटावरून १ एप्रिलच्या आधीच्या संध्याकाळी लोकांनी बेतवेच्या बाजूला मोठा जाळ पाहिला. तात्या टोपे सैन्य घेऊन आल्याची ती खूण होती. झाशीने तोफांची सलामी देऊन उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी बेतवेच्या लढाईत तात्यांचा पराभव झाला. हा तुकडा संपल्यावर फीत थांबवा आणि दोन मिनिटं पूर्वेकडे बघत उभे राहा.

थांबा दुसरा : घोड्याच्या उडीची जागा

किल्ल्यात एक जागा दाखवतात, जिथून राणीने दत्तकपुत्राला पाठीशी बांधून घोड्यावरून उडी घेतली असं सांगतात. लोक खाली वाकून बघतात आणि गप्प होतात. तुम्हीही बघा. उंची डोळ्यांनी मोजा.

मग फितीत हे ऐका. ४ एप्रिलच्या रात्री राणी एकटी निघाली नव्हती. बरोबर निवडक स्वार होते. जुन्या सांगण्याप्रमाणे ती उत्तरेकडच्या भांडेरी दरवाजातून बाहेर पडली. पाठलागावर गेलेल्या इंग्रज तुकडीने तिला भांडेर गावाजवळ गाठलं, तिथे झटापट झाली, आणि ती निसटून काल्पीला पोहोचली. वेढ्यातून रात्री घोडदळाची तुकडी बाहेर काढायची म्हणजे कोणता दरवाजा कमी पहाऱ्याचा आहे, घोडी शांत कशी ठेवायची, कोण मागे राहून शत्रूला गुंतवणार, हे सगळं आधी ठरवावं लागतं. ही कामगिरी उडीपेक्षा अवघड आहे. अशा निघण्याला लागतो तो थंड डोक्याचा सेनानी, आणि ती तशी होती.

खाली उतरताना गुलाम गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी लागतात. गौसखान तोफखान्याचा प्रमुख. मोतीबाई गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी म्हणून ओळखली जाते. इथे फितीत एवढंच सांगा की बायका तोफांवर काम करत होत्या, दारूगोळा वाहत होत्या, आणि ही नोंद इंग्रजांनीच केली आहे. दरवाजाजवळची कडकबिजली तोफ पाहून बाहेर पडा.

थांबा तिसरा : राणीमहाल

किल्ल्यातून उतरून शहरात शिरलं की चालत दहा-पंधरा मिनिटांवर राणीमहाल आहे. रघुनाथ हरी नेवाळकरांनी बांधलेला हा दुमजली वाडा. नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. मधोमध चौक, भोवती दालनं, दरबाराच्या दालनाच्या छतावर रंगवलेली वेलबुट्टी आणि मोर. पुण्यातला किंवा वाईचा वाडा ज्याने पाहिला आहे, त्याला चौकात उभं राहिल्यावर ओळखीचं काहीतरी जाणवेल. आता इथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि नवव्या ते बाराव्या शतकातली शिल्पं मांडली आहेत.

या थांब्यावर फितीत कागदपत्रांची गोष्ट घाला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी आनंदरावाला दत्तक घेऊन दामोदर हे नाव दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राणीला वार्षिक साठ हजार रुपयांची नेमणूक ठरली आणि किल्ला सोडावा लागला. ती या वाड्यात राहायला आली. म्हणजे १८५७ च्या आधीची तीन वर्षं ती शहरातली रहिवासी होती. बाजाराचे आवाज तिच्या खिडकीशी येत होते. पुढे शहर तिच्यामागे उभं राहिलं, याचं कारण शोधताना ही तीन वर्षं लक्षात ठेवावीत.

थांबा चौथा : बाजार आणि गणपतीचं देऊळ

राणीमहालातून पुढे जुन्या बाजाराच्या गल्ल्या लागतात. याच जुन्या शहरात गणपतीचं देऊळ आहे, जिथे १८४२ साली मणिकर्णिका तांबे आणि गंगाधरराव नेवाळकर यांचं लग्न लागलं. मोठा कळस किंवा भव्य सभामंडप अपेक्षित धरून जाऊ नका. घरगुती अंगणासारखं देऊळ आहे. आत जाऊन नमस्कार करा आणि इयरफोन काढून ठेवा. देवळात निवेदन नको.

बाहेर आल्यावर मात्र या फेरीतला सगळ्यात जड तुकडा ऐकायचा आहे. ३ एप्रिलला इंग्रज फौज दक्षिणेकडच्या तटावरून आत घुसली. एका ठिकाणी तोफांनी पाडलेल्या खिंडारातून, दुसऱ्या ठिकाणी शिड्या लावून. काही शिड्या आखूड पडल्या, काही माणसांच्या भाराने मोडल्या. ओरछा दरवाजा फितुरीने उघडला गेला ही कथा झाशीत आजही घरोघरी सांगतात. इंग्रज अहवालांत मात्र खिंडार आणि शिड्याच आहेत. फितीत दोन्ही सांगा आणि कोणतं कुठून आलं तेही सांगा.

आत आल्यावर लढाई गल्लीगल्लीत, घराघरांत झाली. राजवाड्यातही झाली. गोडसे भटजी लिहितात ते इथून पुढचं : कत्तल, लूट, आगी, घराघरांत लपलेली माणसं, रस्त्यांवरच पेटवलेल्या चिता. राजवाड्यातलं पुस्तकांचं भांडार नष्ट झालं, याचं दुःख त्यांनी नोंदवलं आहे. रोझच्या हिशेबाने झाशीच्या बाजूची प्राणहानी सुमारे ५००० होती. कंपनीच्या फौजेच्या शिस्तीची स्तुती करणाऱ्या पुस्तकांत हा आकडा एका ओळीत येऊन जातो. इथे, वळण दिसणार नाही इतक्या अरुंद गल्लीत, तो ऐकला की त्याचा अर्थ लागतो.

याच तुकड्यात आणखी एक नाव यायला हवं : झोकनबाग. शहराच्या तटाबाहेर, जून १८५७ मध्ये, किल्ल्यातून बाहेर पडलेल्या सुमारे साठ युरोपियन लोकांना तिथे मारण्यात आलं. त्यांत बायका आणि मुलं होती. पुढच्या वर्षीच्या सूडाला या घटनेचा आधार घेतला गेला. मी आयुष्यभर गणवेश घातला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. निःशस्त्रांना मारणं हे ना शौर्य, ना न्याय. ते झोकनबागेतही नाही आणि झाशीच्या गल्ल्यांतही नाही. एकाची गोष्ट सांगून दुसऱ्याची लपवणारी फीत ऐकायच्या लायकीची नाही.

थांबा पाचवा : दरवाजे

शहराच्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांची नावं म्हणजे जुना रस्तेनकाशाच. दतिया दरवाजा दतियाकडे, ओरछा दरवाजा ओरछ्याकडे, सागर दरवाजा सागरकडे, भांडेरी भांडेरकडे, उन्नाव दरवाजा बालाजीच्या उन्नावकडे. हा उन्नाव दतियाजवळचा, कानपूरजवळचा नव्हे. शिवाय बडागाव, सैंयर, खंडेराव, लक्ष्मी, झिरना. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा छत्रपती संभाजीनगरचा पैठण दरवाजा ज्या रीतीने नाव घेतो, तीच ही रीत.

झाशीत ‘दरवाजा’पेक्षा ‘गेट’ लवकर समजतं. “भांडेरी गेट किधर पड़ेगा?” असं विचारा, कोणीही हात करून दाखवेल. काही दरवाजे उभे आहेत, काहींच्या कमानीला दुकानं आणि घरं बिलगली आहेत, काही ठिकाणी तट घराच्या मागच्या भिंतीचं काम करतो. हे बघून आपल्याकडचे लोक लगेच अतिक्रमणावर बोलू लागतात. दुरुस्ती व्हायला हवीच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १८५८ नंतर हे शहर तीन वर्षांत शिंद्यांकडे गेलं आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आलं. इंग्रजांची छावणी आणि नवी वस्ती तटाबाहेर वाढली. रुंद रस्ते, बंगले, रेल्वे, सगळं तिकडे. जुन्या शहराच्या वाट्याला दाटी आली. तटाला पाठ टेकून राहणारी माणसं नसती, तर तटाचे दगडही कधीच दुसऱ्या बांधकामांना गेले असते.

त्यामुळे या थांब्यावर फीत छोटी ठेवा आणि उरलेला वेळ माणसांशी बोला. चहाच्या टपरीवर बसा. तुम्ही किल्ल्याऐवजी त्यांच्या गेटबद्दल विचारताय म्हटल्यावर लोकांना नवल वाटतं, आणि मग आजोबांकडून ऐकलेलं काही ना काही बाहेर येतं. ते खरं की खोटं, हे तिथे ठरवत बसू नका. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. पुढच्याच्या फितीत ते झाशीचा तिसरा आवाज होईल.

थांबा सहावा : लक्ष्मीताल

पूर्वेला लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडलं की तलाव आहे आणि महालक्ष्मीचं देऊळ. महालक्ष्मी ही नेवाळकरांची कुलदेवता. कोकणातून निघालेल्या घराण्याने आपला देव बुंदेलखंडातल्या तळ्याकाठी आणला. जवळच गंगाधररावांची छत्री आहे, राणीने बांधलेली. भोवती बाग, मधे छत्री.

इथे गंगाधररावांबद्दल ऐका. नाटकाचा आणि ग्रंथांचा शौकीन राजा अशी त्यांची ओळख. सिनेमांत आणि मालिकांत ते लवकर मरणारं पात्र होऊन राहिले आहेत. राणीची समाधी इथे नाही. ती ग्वाल्हेरला आहे, जिथे जून १८५८ मध्ये ती लढताना पडली. आणि शहरातल्या त्या हजारो माणसांची छत्रीही नाही, समाधीही नाही. त्यांची नावं कोणत्या शिळेवर नाहीत. त्यांच्या आठवणीची जागा म्हणजे आत्ता तुम्ही चालून आलात त्या गल्ल्या.

म्हणून माझी विनंती आहे. झाशीला जाल तेव्हा किल्ल्यासाठी एक तास ठेवा आणि शहरासाठी तीन. फीत मराठीत करा, जमलं तर तिची एक हिंदी प्रत तिथल्या एखाद्या शाळेला द्या. मराठी माणसाने झाशीवर खूप प्रेम केलं आहे, पण ते एका नावावर आणि एका किल्ल्यावर. ज्या लोकांनी त्या नावासाठी तट लढवला, त्यांच्या दारांवरून एकदा चालत जाणं हे त्यांचं देणं आहे.

पुढच्या भागात ओरछ्याला जाऊ, बेतवेच्या काठाने. पाण्याची बाटली आणि चांगले बूट विसरू नका. नमस्कार.